युद्ध चालू असलेल्या देशाच्या अर्थव्यवस्थेच्या बातम्या वाचायच्या कशा

रशियाची अर्थव्यवस्था डबघाईला आलीय आणि रशियाची अर्थव्यवस्था युरोपपेक्षा जोरात पळतेय, ही दोन्ही वाक्यं २०२२ पासून आपण सगळ्यांनी वाचलीत, कित्येकदा तर एकाच आठवड्यात. दोन्हीकडे आकडे असतात, दोन्हीकडे कुणीतरी तज्ज्ञ असतो, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडचे आकडे खरेच असतात. मग वाचणाऱ्याने करायचं काय? मी या बातम्या नेटाने वाचतो, कारण युद्ध किती लांबणार, कोण किती सोसतंय, आपल्याकडे तेलाचं काय होणार हे कळायला नकाशावरच्या बाणांपेक्षा याच बातम्या जास्त कामाला येतात असं मला मनापासून वाटतं, आणि नेमक्या याच बातम्या घाईत आणि बेफिकिरीने लिहिल्या जातात. तर ज्यांचं अर्थशास्त्र कॉलेजातच सुटलं पण बातमी नीट वाचायची इच्छा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण रशियाचंच घेतलंय, शेवटी थोडं युक्रेनचं.

सुरुवात चलनापासून करा, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा एका डॉलरला ८० च्या आसपास रुबल पडत होते, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हा दर १२० पर्यंत गेला आणि जगभर हेडलाइन लागल्या की खेळ संपला. २६ मार्चला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन पोलंडमध्ये वॉर्साला भाषणात म्हणाले की रुबलचा पार चुराडा झालाय, एका डॉलरला २०० रुबल मोजावे लागतायत. त्या दिवशी प्रत्यक्ष दर १०० च्या आसपास होता आणि जूनअखेर तो ५५ च्याही खाली आला, म्हणजे युद्धाआधीपेक्षा रुबल जास्त मजबूत. मग लगेच दुसरी लाट आली, निर्बंध फेल गेले, पुतिनने पश्चिमेला धडा शिकवला वगैरे.

आता या चार महिन्यांत घडलं काय ते बघा. २८ फेब्रुवारीला रशियाच्या सेंट्रल बँकेने व्याजदर ९.५ वरून एका झटक्यात २० टक्के केला. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की मिळालेल्या परकीय चलनातलं ८० टक्के विकून रुबल घ्यायचेच. लोकांना आपल्याच खात्यातून १० हजार डॉलरच्या वर रोख काढता येईना, परदेशी गुंतवणूकदारांना शेअर विकून बाहेर पडायला बंदी, मॉस्कोचा शेअर बाजार जवळपास महिनाभर बंद. त्यात तेल आणि गॅसचे भाव भडकलेले, म्हणजे डॉलर भरपूर येतायत, आणि निर्बंधांमुळे आयात आटलेली, म्हणजे डॉलर खर्च करायला जागाच नाही. अशा वेळी रुबल वर जाणारच, दुसरं काय होणार. त्याचा अर्थ अर्थव्यवस्था ठणठणीत आहे असा नव्हता, उलट गाड्या, मशीनचे पार्ट, औषधांचा कच्चा माल आत येत नव्हता याची ती खूण होती. त्याच काळात, मे २०२२ मध्ये, रशियात नव्या गाड्यांची विक्री आदल्या वर्षाच्या मेपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त घसरली, आणि जूनमध्ये लाडा ग्रांटा या रशियन गाडीचं एअरबॅग आणि एबीएस नसलेलं मॉडेल बाजारात आलं. मजबूत रुबलची बातमी आणि एअरबॅग नसलेल्या गाडीची बातमी ही एकाच गोष्टीची दोन टोकं होती, पण एकत्र वाचायला फार कमी ठिकाणी मिळाली.

म्हणून चलनाची बातमी आली की तीन गोष्टी शोधायच्या. हा दर सामान्य माणसाला बँकेत खरंच मिळतो का, पैसा देशाबाहेर न्यायला बंदी आहे का, आणि व्याजदर किती आहे. या तिन्हींपैकी एकही बातमीत नसेल तर त्या हेडलाइनवरून काहीही ठरवू नका, ना चांगलं ना वाईट. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉलर १०० रुबलच्या वर गेला तेव्हा परत कोसळला कोसळला झालं, २०२५ मध्ये तो पुन्हा ८० च्या आसपास आला तेव्हा परत मजबूत मजबूत झालं, आणि त्या मजबूत रुबलने रशियाच्या अर्थमंत्रालयाची डोकेदुखी वाढवली, कारण तेल डॉलरच्या भावात विकलं जातं आणि बजेटचा खर्च रुबलमध्ये असतो, रुबल वधारला की तेवढ्याच तेलाचे कमी रुबल हातात येतात.

आता जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या माल-सेवांची एकूण किंमत. इथे पहिला प्रश्न, हा अंदाज आहे की झालेला आकडा? एप्रिल २०२२ मध्ये आयएमएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, सांगितलं होतं की त्या वर्षी रशियाची अर्थव्यवस्था ८.५ टक्क्यांनी आकसेल. जुलैत ते ६ वर आले, ऑक्टोबरमध्ये ३.४ वर, आणि वर्ष संपल्यावर रशियाच्या रोसस्टॅट या सरकारी सांख्यिकी खात्याचा पहिला आकडा आला २.१ टक्के घट, तोही पुढे आणखी कमी करण्यात आला. ८.५ चा अंदाज लाखो लोकांनी वाचला, सुधारलेला आकडा त्यातल्या किती जणांपर्यंत पोचला असेल? अंदाज चुकणं हा गुन्हा नाही, निर्बंधांचा असा प्रकार एवढ्या मोठ्या देशावर आधी कुणी करूनच बघितला नव्हता, पण अंदाजाला घडलेली गोष्ट म्हणून छापणं हा मात्र बातमी देणाऱ्याचाच दोष. त्यामुळे क्रियापद बघा. आकसेल लिहिलंय की आकसली.

दुसरा प्रश्न, वाढ कशाच्या तुलनेत? युक्रेनचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये त्यांची अर्थव्यवस्था जवळपास २९ टक्क्यांनी घटली, २०२३ मध्ये ५ टक्क्यांच्या थोडी वर वाढली. युद्धात असूनही ५ टक्के वाढ, वा, असं वाटतं. कागदावर मांडून बघा. १०० चे झाले ७१, आणि ७१ वर ५ टक्के म्हणजे साधारण ७५. अजून २५ चा खड्डा तसाच आहे. हे गणित करायला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही, पण ते वाचणाऱ्यालाच करावं लागतं कारण बातमीत ते नसतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, वाढलं काय? रशियाची वाढ २०२३ आणि २०२४ मध्ये दोन्ही वर्षी ४ टक्क्यांच्या आसपास होती, हे आकडे साधारण सगळेच मान्य करतात. पण कारखान्यात रणगाडा तयार झाला की तो जीडीपीत मोजला जातो, आणि दोन महिन्यांनी तो युक्रेनमधल्या दोनेत्स्कच्या शेतात जळून गेला तर जीडीपीतून काहीच वजा होत नाही. तोफगोळ्याचंही तेच, सैनिकाच्या गणवेशाचंही तेच. रशियाच्या २०२५ च्या बजेटमध्ये संरक्षणासाठी साडेतेरा लाख कोटी रुबल ठेवले होते, म्हणजे जीडीपीच्या ६.३ टक्के. आपल्याकडे हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे रशिया जर्मनीपेक्षा वेगाने वाढतोय असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही, फक्त त्या वाढीतून लोकांच्या घरात काय आलं हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही.

आता थोडं उलट बाजूने पण बोललं पाहिजे, कारण सगळं वाईटच चाललंय असं धरून वाचणारेही तेवढेच फसतात. रशियातल्या गरीब भागांत, छोट्या कारखान्यांच्या गावांत, युद्धामुळे अनेक घरांत आधी कधी नव्हता एवढा पैसा आला हे खरं आहे. २०२४ च्या जुलैत सैन्यात भरती होणाऱ्याला केंद्राकडून मिळणारी एकरकमी रक्कम ४ लाख रुबल केली गेली, आणि मॉस्को शहराने तर आपल्या बाजूने १९ लाख रुबल जाहीर केले. शस्त्रांच्या कारखान्यात तीन-तीन शिफ्ट, माणसं मिळेनात म्हणून पगार वाढले, बेरोजगारी २.५ टक्क्यांच्याही खाली. आता ही बेरोजगारीची बातमी नीट वाचायची. शांततेच्या काळात एवढी कमी बेरोजगारी म्हणजे आनंदाची गोष्ट असते, पण इथे लाखो पुरुष आघाडीवर आहेत, लाखो लोक देश सोडून गेलेत, म्हणून कामाला माणूस उरलेला नाही. काम करणाऱ्याला चांगला पगार मिळतोय आणि बेकरीवाल्याला, बस डेपोला, दवाखान्याला माणूस मिळत नाहीये, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आणि ज्या घरात तो पैसा आला त्यातल्या किती घरांत माणूस परत आला नाही हे कुठल्याच आर्थिक तक्त्यात येत नाही. बातमी वाचताना हे आपणच लक्षात ठेवायचं.

महागाईचा सरासरी आकडा असतो ना, त्याच्यापाशी थांबू नका, एखादी वस्तू पकडा. २०२३ मध्ये रशियात महागाईचा अधिकृत आकडा होता ७.४ टक्के, ऐकायला फार वाटत नाही. पण त्याच वर्षी अंडी ४० टक्क्यांहून जास्त महागली, आणि १४ डिसेंबरच्या वार्षिक प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात एका पेन्शनर बाईंनी थेट पुतिनना अंड्यांबद्दल विचारलं तेव्हा पुतिनना टीव्हीवर सगळ्या देशासमोर माफी मागावी लागली, सरकारचं काम कमी पडलं, आयात वेळेत वाढवली नाही असं त्यांनी कबूल केलं. मग आयातशुल्क माफ करून तुर्कस्तान, अझरबैजानहून अंडी आणली. पुढच्या वर्षी लोण्याचा नंबर लागला, २०२४ च्या शरद ऋतूत लोणी जवळपास पाव पटीने महागलेलं आणि काही दुकानांनी चोरी होऊ नये म्हणून लोण्याची पाकिटं अलार्मवाल्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवली. अंडी काय आणि लोणी काय, ज्या घरात पगाराचा मोठा वाटा जेवणावर जातो तिथे हीच महागाई असते, ७.४ हा आकडा तिथे कुणाला भेटत नाही.

पण वस्तू पकडा म्हणजे व्हिडिओ पकडा असं नाही. मार्च २०२२ मध्ये साखरेसाठी सुपरमार्केटमध्ये ढकलाढकली करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ फिरले आणि रशिया उपाशी मरतोय असं चित्र झालं, तर ती घाबरून केलेली खरेदी होती, साखर परत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन पत्रकार टकर कार्लसन मॉस्कोच्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉली भरून फिरला, बिल शंभर-एक डॉलर झालं आणि एवढं स्वस्त बघून आपल्याला अमेरिकेच्या नेत्यांचा राग आला असं म्हणाला. किंमत अमेरिकेच्या पगाराने मोजली, रशियन पगाराने नाही. दोन्ही व्हिडिओ खरे होते, त्यात दिसणारा माल खरा होता, लावलेला अर्थ तेवढा चुकीचा. व्हिडिओ आला की विचारायचं, कुठल्या शहरातला, कुठल्या तारखेचा, आणि तिथल्या माणसाला महिन्याला मिळतात किती.

मला विचाराल तर एकच आकडा बघायला वेळ असेल तर सेंट्रल बँकेचा व्याजदर बघा. भाषणात काहीही बोलता येतं, पण व्याजदर हा निर्णय असतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. २५ ऑक्टोबर २०२४ ला रशियाचा व्याजदर २१ टक्के झाला, म्हणजे २०२२ च्या घबराटीतल्या २० पेक्षाही जास्त, आणि त्या वर्षीची अधिकृत महागाई ९.५ टक्के. महागाई साडेनऊ आणि व्याज एकवीस, एवढं अंतर का ठेवावं लागतंय? साधं घरकर्ज, छोट्या धंद्याचं कर्ज या दराने कोण घेणार? म्हणजे युद्धाशी संबंध नसलेला उद्योग गळा आवळून शांत केला जातोय, कारण युद्धाचा खर्च कमी करता येत नाही. जून २०२५ पासून त्यांनी दर हळूहळू कमी करायला घेतला, वर्षअखेर १६ वर आणला, त्या वर्षीची वाढ १ टक्क्याच्या आसपास आली.

आकडे देतंय कोण हा प्रश्न रशियाच्या बाबतीत फार खरा आहे. २०२२ च्या वसंतातच आयात-निर्यातीचे तपशील देणं बंद झालं, बँकांचे ताळेबंद काही काळ झाकले, तेल उत्पादनाचे आकडे बंद केले, बजेटचा मोठा भाग गुप्त. ४ मार्च २०२२ ला कायदा आला की सैन्याबद्दल सरकारच्या मते खोटी माहिती पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. वॉल स्ट्रीट जर्नलचा पत्रकार इव्हान गेर्शकोविच, त्याची रशियाच्या अर्थव्यवस्थेवरची सहकाऱ्याबरोबर लिहिलेली बातमी २८ मार्च २०२३ ला छापून आली आणि दुसऱ्या दिवशी येकातेरिनबर्गमध्ये त्याला पकडलं, हेरगिरीचा आरोप, रणगाड्यांच्या कारखान्याची माहिती गोळा करत होता म्हणून. त्याने आणि त्याच्या पेपरने आरोप नाकारला. जुलै २०२४ मध्ये १६ वर्षांची शिक्षा, १ ऑगस्टला कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका. तेव्हापासून मी जेव्हा जेव्हा रशियातल्या कारखान्यातून केलेली एखादी बारीकसारीक बातमी वाचतो तेव्हा ती कोणी कुठे बसून लिहिलीय हे आधी बघतो. बरेच परदेशी पत्रकार आता बाहेरून, बर्लिन किंवा रिगामधून लिहितात, त्यांची माहिती फोनवरून आणि उपलब्ध कागदपत्रांवरून आलेली असते. ते लिखाण वाईट नसतं, पण त्यात रस्त्यावरचं चित्र कमी आणि अंदाज जास्त असणार हे धरून चालायचं.

म्हणून रशियाचे सगळेच आकडे खोटे असं म्हणून पेपर बाजूला ठेवायचा का? नाही. त्यांच्या सेंट्रल बँकेच्या प्रमुख एल्विरा नाबिउलिना यांनी एप्रिल २०२२ मध्येच संसदेत सांगितलं होतं की साठ्यावर जगण्याचा काळ मर्यादित आहे. जून २०२५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या आर्थिक परिषदेत अर्थविकास मंत्री रेशेतनिकोव्ह म्हणाले की आपण मंदीच्या उंबरठ्यावर आहोत, आणि दुसऱ्याच दिवशी पुतिन म्हणाले की तसं होऊ द्यायचं नाही. एखाद्या सरकारचा माणूस स्वतःच्या सरकारला अडचणीचं बोलतो तेव्हा ते जास्त लक्ष देऊन वाचायचं, तसंच विरोधातला माणूस चांगलं मान्य करतो तेव्हाही. आणि जिथे आकडे झाकलेत तिथे समोरच्या बाजूने बघता येतं. रशियाने तेल किती विकलं हे रशिया सांगणार नाही, पण भारताने किती घेतलं हे भारताच्या आयातीत दिसतं, चीनच्या कस्टमच्या आकड्यात दिसतं. कर पण काही लपवता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून रशियाने व्हॅट २० चा २२ टक्के केला. सगळं सुरळीत चाललंय म्हणणारं सरकार खाण्याच्या बऱ्याच वस्तू, औषधं आणि मुलांच्या वस्तू सोडून बाकी बहुतेक खरेदीवर कर वाढवतं तेव्हा ती एक ओळ दहा भाषणांपेक्षा जास्त सांगते.

आता आपल्या दारातलं. ५ मे २०२३ ला गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली आणि तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांनी सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत आणि ते वापरता येत नाहीत, दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. मला ही पूर्ण युद्धातली सगळ्यात शिकवणारी बातमी वाटते आणि ती गोव्यातून आली. तोवर रोज वाचत होतो की रशिया भारताला विक्रमी तेल विकतोय, जे खरंच होतं, युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता तो तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला. पण विकलं म्हणजे वापरता येईल असा पैसा हातात आला असं नसतं. निर्यातीचा कुठलाही मोठा आकडा दिसला की पुढचा प्रश्न हाच, पैसे कुठल्या चलनात आले आणि त्यातून त्यांना काय विकत घेता येतंय.

आणि स्वस्त रशियन तेल म्हणजे पंपावर स्वस्त पेट्रोल असं जे फॉरवर्ड होत राहिलं त्याचं पण बघा. महाराष्ट्रात पंपावरचा भाव मे २०२२ मध्ये खाली आला तो केंद्राने एक्साइज कमी केली म्हणून, जुलै २०२२ मध्ये आला तो राज्याने व्हॅट कमी केला म्हणून, त्यानंतर मार्च २०२४ ला २ रुपये कमी होईपर्यंत भाव जवळपास हलला नाही. मधल्या काळात कच्चं तेल कितीतरी वर-खाली झालं. रशियन तेलावरची सूट ही रिफायनरीच्या हिशोबातली गोष्ट होती. उलट सूर्यफूल तेलाचा भाव २०२२ च्या मार्चमध्ये किराणा दुकानात लगेच वाढला, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियातूनच यायचं आणि मध्ये भाव धरून ठेवणारं कुणी नव्हतं.

निर्बंधांच्या बातम्या थोडक्यात. जाहीर झाले ही एक बातमी, लागू झाले ही दुसरी, पाळले जातायत ही तिसरी, आणि पेपरात जागा फक्त पहिलीला मिळते. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाच्या भावाला बॅरलमागे ६० डॉलरची मर्यादा घातली तेव्हा पहिल्या पानावर होतं, नंतर जुनी टँकर जहाजं विकत घेऊन, मालक बदलून, विमा दुसरीकडून काढून तेल कसं फिरत राहिलं ते आतल्या पानांवर गेलं. निर्बंधाची बातमी वाचली की सहा महिन्यांनी तीच परत शोधून बघायची सवय लावा.

युक्रेनसाठी मात्र वेगळे आकडे बघावे लागतात. तिथल्या चलनाचा, रिव्नियाचा, दर सुरुवातीला त्यांच्या सेंट्रल बँकेनेच बांधून ठेवला होता, जुलै २०२२ मध्ये एका डॉलरला २९.२५ वरून ३६.५७ रिव्निया केला, ऑक्टोबर २०२३ पासून थोडा मोकळा सोडला, त्यामुळे पहिल्या दीड वर्षातल्या रिव्निया स्थिर आहे अशा बातम्यांना फारसा अर्थ नव्हता. तिथे दोन गोष्टी धरून वाचायचं. एक, बाहेरची मदत किती जाहीर झाली यापेक्षा किती पोचली, कारण देशाचा स्वतःचा कर जवळपास सगळा लढण्यात जातो आणि शिक्षकांचे पगार, पेन्शन या मदतीवर चालतात. म्हणून अमेरिकेच्या संसदेत किंवा युरोपियन युनियनमध्ये एखादं पॅकेज अडकलं की ती परराष्ट्र पानावरची बातमी असली तरी वाचायची युक्रेनच्या बजेटची बातमी म्हणून. दुसरं, वीज. ११ एप्रिल २०२४ ला कीव्हजवळचं त्रिपिल्स्का औष्णिक केंद्र हल्ल्यात उद्ध्वस्त झालं, तशी अनेक केंद्रं त्या वसंतात गेली, आणि त्या उन्हाळ्यात लोकांनी दिवसातले कित्येक तास विजेशिवाय काढले. कारखाना किती तास चालला, दुकानदाराने जनरेटरच्या डिझेलला किती घातले आणि ते भाकरीच्या भावात किती उतरले, हे सगळं त्या तासांवरून कळतं. युक्रेनची नॅशनल बँक आपल्या महागाई अहवालात विजेच्या तुटवड्याचा अंदाज देते, अहवाल इंग्रजीत फुकट मिळतो, तीन महिन्यांनी एकदा येतो, आणि वाढीच्या टक्क्याआधी त्यातला विजेचा भाग वाचावा असं मी सांगेन.